ज्वारीची खळ

अकोल्याच्या ताजनापेठेत नत्थुजीला बूड टेकून बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल समोर यावं. दुकानात एक खुर्ची होती, पण ती गिऱ्हाइकाची. नत्थुजी चहा उभ्यानं प्यायचा, भाकर उभ्यानं खायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या फळीवरून रस्त्यावर अन् रस्त्यावरून फळीवर येरझाऱ्या घालायचा. विचारलं तर उत्तर तयार. "बसलो का घडी मोडते." त्याच्या धोतराच्या निऱ्या खरोखरच अशा कडक असत की तो चालला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. पण घडीचं ते निमित्त. मुळात हा गडी एका जागी ठरणारा नव्हताच.

त्याचं गाव बाळापूरच्या पलीकडे, मन नदीच्या काठी. घर कुणब्याचं, जमीन काळी, खाऊनपिऊन सुखी. बाप लवकर गेला आणि थोरला भाऊ खुशालराव, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, तोच बाप झाला. नत्थुजीला वखरामागे धाडलं तर तास वाकडे. निंदायला लावलं तर कपाशीची पऱ्हाटी उपटलेली आणि गवत जागच्या जागी. दादा म्हणाला, "याचं मन वावरात नाई. शिकू द्या त्याले." आणि त्यानं धाकट्याला अकोल्याच्या शाळेत घातलं, बोर्डिंगात ठेवलं. पोरगा वकील होईल, काळा कोट घालून कचेरीत उभा राहील, हे दादाचं स्वप्न. पोरगा उभा राहिला खरा, पण कचेरीत नाही.

बोर्डिंगात नत्थुजीला वेड लागलं ते कपड्यांचं. अकोल्यात तेव्हा पांढऱ्या कपड्यांची चढाओढ चालली होती. कचेरीतले वकील, शाळेतले मास्तर, खादीच्या टोप्या घालणारे पुढारी, सगळ्यांना कपडा कसा पाहिजे, तर उभा केला तर उभा राहणारा. कापड असं कडक व्हावं म्हणून इस्त्रीच्या आधी त्याला जी पेज देतात ती खळ. दुसरीकडे ती तांदळाची करतात. वऱ्हाडात तांदूळ शिजायचा तो पाहुणा आला तर, तिथं धोतराला कोण घालतो? नत्थुजीनं ज्वारी धरली. आई कुरडयांसाठी गहू भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळून खाली बसलेला पांढरा चीक काढायची, ते त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. तसाच त्यानं ज्वारीचा चीक काढला, उन्हात वाळवला, वस्त्रगाळ केला. थंड पाण्यात कालवून तो आधणात सोडायचा आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. हे काम जणू नत्थुजीसाठीच देवानं ठेवलं होतं, कारण त्याचा हात कधी थांबतच नसे. खळीत चिमूटभर मीठ, म्हणजे इस्त्री चिकटत नाही. नखाएवढं मेण, म्हणजे चकाकी येते. पांढऱ्या कपड्याला वरून निळीचा एक थेंब.

एवढ्यावर तो थांबता तर नत्थुजी कसला? इस्त्री करताना वरठी, म्हणजे परीट लोक, तोंडात पाणी धरून कपड्यावर फवारतात, ही गावोगावची रीत. नत्थुजीला वाटलं, ते पाणी वासाचं का असू नये? मग त्यानं वाळा उकळला, केवडा भिजवला, अमरावतीला जाऊन इतवारा बाजारातल्या अत्तरवाल्याचं डोकं खाल्लं. मेळघाटात सेमाडोहकडून तिखाडीचं तेल यायचं. तिखाडी म्हणजे तिथलं रानगवत, पण त्याच्या तेलाला गुलाबाचा भास होतो. त्याच्या बाटल्या त्यानं आणल्या. आता हे पाणी फवारायचं कशानं? अत्तराचं पाणी तोंडात धरून पाहिलं तर दिवसभर जेवण गोड लागेना. शेवटी त्यानं कोणाकडून तरी डास मारायचा हातपंप मिळवला, त्यात वाळ्याचं पाणी भरलं आणि पहिला मान हरिहरपंत वकिलांच्या कोटाला दिला.

हरिहरपंत मोठे भले गृहस्थ. संध्याकाळी दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "नत्थुजी, आज दिवसभर माझ्याजवळ कोणी विडी पेटवली नाही. पक्षकारसुद्धा चार हात लांबून बोलत होते. पंपात आधी काय होतं हो?"

पंपात आधी घासलेट होतं. नत्थुजीनं नवा पंप आणला, वकीलसाहेबांचा कोट परत फुकट करून दिला, आणि उन्हाळा लागेपर्यंत अर्धी कचेरी वाळ्यानं घमघमू लागली. दुकानावर पाटी लागली, 'सुवासिक खळ व शिंपण'. शिंपण हा शब्द त्याचा स्वतःचा. खळीच्या पुड्या अन् शिंपणाच्या बाटल्या अमरावतीपर्यंत जाऊ लागल्या.

इतकं सगळं झालं, आणि तरी नत्थुजीचा पाय का ठरत नव्हता, ते सांगायलाच पाहिजे. दादा त्याच्याशी बोलत नव्हता.

झालं असं होतं. दादा एकदा कापसाची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात आला. भाऊ शाळेत असेल म्हणून बोर्डिंगाकडे गाडी वळवली, तर रस्त्याच्या कडेला, एका ओसरीवर, त्याचा भाऊ लोकांच्या धोतरांवर इस्त्री फिरवत उभा. शाळा त्यानं केव्हाच सोडली होती आणि घरी कळवायचा धीर झाला नव्हता. दादानं गाडी थांबवली. पाहिलं. नत्थुजी "दादा" म्हणून धावला तर दादानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी निघून गेली. कुणब्याचा पोरगा वरठ्याचं काम करतो, ही बोंब गावात दादाच्या आधी पोचली होती. नत्थुजी म्हणायचा, मी कपडे धूत नाही, फक्त खळ देतो. पण गाव असल्या बारकाव्यात शिरत नसतं. आणि दादाला गावाचं नव्हतंच काही. आपल्याला सांगितलं नाही, परक्यासारखं रस्त्यावर दिसावं लागलं, हा काटा त्याच्या काळजात रुतला होता.

तेव्हापासून दोन वर्षं अबोला. आणि अबोला तरी कसा? भांडण असतं तर बरं. नत्थुजी दिवाळीला घरी गेला की दादा त्याच्यासमोर बसून आईला म्हणायचा, "त्याले सांग, जेवून घे." आई, पार्बताबाई, दोन हातांवर उभ्या असलेल्या लेकाला म्हणायची, "दादा म्हणते जेवून घे." नत्थुजी म्हणायचा, "दादाले सांग, जेवतो." असा टपाल खात्याचा कारभार. म्हातारी वैतागून एकदा म्हणाली, "मी मेली मंग कोनाच्या तोंडून बोलसान रे?" तरी दोघं हसले नाहीत. ज्याच्या खांद्यावर बसून बाळापूरची जत्रा पाहिली, त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकू येत नाही, हे नत्थुजीला जिव्हारी लागलं होतं. तो रात्रंदिवस खळ ढवळायचा, वास बदलायचा, दारातून येरझाऱ्या घालायचा, आणि बाळापूरकडची गाडी दिसली की गळा ताणून बैल कोणाचे ते पाहायचा.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पार्बताबाई अकोल्याला आली. काखेत मोठं गाठोडं. दुकानात शिरली, खुर्चीवर बसली आणि गाठोडं सोडलं. आत दोन बैलांच्या दोन जुन्या झुली, नत्थुजीच्या बापाच्या वेळच्या, कवड्या आणि आरसे लावलेल्या, पण जुनेऱ्यासारख्या लोंबणाऱ्या. आणि वर दादाचा पांढरा पटका.

"पाटलाच्या घरी सुतक हाय," ती म्हणाली. "औंदा तोरनाचा मान आपल्या जोडीले आला. अख्खं गाव पाह्यीन. या झुली अशा लोंबतात, मले शोभून नाई राहिलं. तू कर काई त्याईचं."

पोळ्याला गावातली सगळी जनावरं तोरणाखाली ओळीनं उभी राहतात आणि मानाची जोडी तोरणाखालून पुढे गेली की मग पोळा फुटतो. पिढ्यान् पिढ्या तो मान पाटलाचा. दादाच्या उभ्या आयुष्यात हा दिवस पहिल्यांदा आला होता.

"दादाले माहीत हाय?" त्यानं विचारलं.

"त्याले म्हणलं, धुवाले नेतो. कोनाकडे, ते त्यानं विचारलं नाई." म्हातारीनं पटक्यावरून हात फिरवला. "तुह्या हातचं त्याच्या आंगावर एकडाव पडू दे, बाबू. मंग त्याच्या तोंडून निंघते का नाई ते पाहू."

म्हातारी गेली आणि नत्थुजी कामाला लागला. श्रावण महिना. आभाळ दाटलेलं, हवा ओली, चीक वाळत नव्हता, केलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबायची. झुलीचं कापड जाड, नेहमीची खळ त्यात कुठल्या कुठे जिरली. त्यानं पुन्हा दिली. झूल कडक झाली, पण सकाळपर्यंत हवेनं मऊ पडली. मग त्यानं दुप्पट दाट खळ केली, इस्त्री चिकटू नये म्हणून मीठही दुप्पट घातलं, आणि झुली अशा ताठ उभ्या राहिल्या की भिंतीला टेकवून ठेवाव्यात. पटक्यालाही तीच खळ. वास कोणता द्यायचा यावर त्यानं एक दिवस घालवला. वाळा बैलाला शोभत नाही, केवडा तर नवरीचा. विचार करकरून त्याला तिखाडी आठवली. गवताचं तेल, बैलाचा सण! आपल्याला हे सुचलं म्हणून त्यानं स्वतःचीच पाठ थोपटली आणि पंप भरून झुलींवर, पटक्यावर तिखाडीचं शिंपण मारलं.

हे सगळं करताना दुकानात कोणी एखादा शेतकरी आला असता तर त्यानं डोक्याला हात लावला असता. पण गिऱ्हाइकं सगळी वकील आणि मास्तर. हरिहरपंत तर म्हणाले, "वा! बैल अगदी कमिशनरसाहेबासारखे दिसतील हो."

गाठोडं मेणकापडात गुंडाळून नत्थुजी मोटारीनं बाळापूरला उतरला आणि तिथून गुडघाभर गाऱ्यातून ते डोक्यावर घेऊन चालत गेला. निऱ्यांची काय दशा झाली ते विचारू नका. मागच्या दारानं आईच्या हातात गाठोडं दिलं आणि तो गावाबाहेर मारुतीच्या पारामागे जाऊन उभा राहिला. उभा तरी कुठला, पाराभोवती फिरत राहिला. मनात एकच. दादा पटका बांधेल का?

दादानं बांधला. नत्थुजीला तो लांबून दिसला. काळासावळा उंच माणूस, डोक्यावर बगळ्यासारखा पांढरा पटका, मागे सोडलेला ताठ शेमला. दादाच्या एका हातात कबऱ्या बैलाचा कासरा, दुसऱ्या हातात लखण्याचा. झुलींचे आरसे झळकत होते, एक सुरकुती नाही. गावच्या बायका हातातली आरती विसरून पाहत राहिल्या. कोणी तरी म्हणालं, "खुशालराव, बैल हायत का राजाचे हत्ती?" दादानं ओठ घट्ट मिटले होते, पण मान वर होती. एकदा त्यानं बोटानं झुलीची कड दाबून पाहिली. एकदा वास घेतला. आणि मग तो मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधू लागला, असं नत्थुजीला वाटलं. पुढे व्हावं की नको? तो दोन पावलं पुढे आला, एक मागे गेला.

तेवढ्यात पावसाची बुरबुर सुरू झाली.

पोळ्याला बुरबुर नवी नाही, कोणी हललं नाही. तोरणाखाली ओळ लागली. पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, सुरू झाल्या, एक जण म्हणे, बाकीचे हरहर महादेव करत. खळीला मात्र पाणी लागलं की ती परत पेज होते. झुलींवरची दाट ज्वारी हळूहळू सुटली, मीठ सुटलं, आणि वर तिखाडीचा वास, माणसाला गुलाबाचा पण बैलाला हिरव्या चाऱ्याचा, ओल्या हवेत दुप्पट झाला. नत्थुजीनं बैलाच्या पाठीवर झूल नाही, चारा, ज्वारी, मीठ असं भरलं ताट वाढलं होतं. अन् तेही सणाच्या दिवशी, पुरणपोळीची वाट पाहत उपाशी उभ्या असलेल्या बैलांपुढे.

पहिल्यांदा कबऱ्यानं मान वळवली आणि लखण्याची झूल चाटली. दादानं कासरा ओढला. कबऱ्यानं परत चाटली, मग दातात धरली. लखण्यानं फिरून कबऱ्याची धरली. शेजारच्या जोडीनं नाक वर करून वास घेतला आणि ती ओळ सोडून इकडे सरकली. मग तिसरी जोडी. बघता बघता अर्ध्या गावाचे बैल मानाच्या जोडीभोवती पंगतीला बसल्यासारखे जमले. तोरण तिकडे, बैलांची तोंडं इकडे. झडती म्हणणाऱ्याचा सूर मधेच अडकला.

"हाणा पुढं! मानाची जोडी पुढं हाणा!" लोक ओरडले. दादानं जोर लावला, बैल जागचे हलेनात. आणि वाकून कासरा ओढताना त्याच्या पटक्याचा शेमला लखण्याच्या तोंडासमोर आला. लखण्यानं तो जिभेनं आत ओढला, शांतपणे चघळला, आणि डोक्यावरचा पटका वेढ्या वेढ्यानं उलगडत त्याच्या तोंडात जाऊ लागला. दादा बोडका झाला. भर पोळ्यात, तोरणासमोर, मानाच्या दिवशी.

मग गाव हसायला लागलं. पोरं हसली, म्हातारे हसले, आरतीवाल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले.

नत्थुजी गर्दी फोडून धावला, गाऱ्यात दोनदा पडला, आणि लखण्याच्या तोंडातून लोंबणारं पटक्याचं टोक दोन्ही हातांनी धरून ओढू लागला. बैल एकीकडे, हा एकीकडे. "सोड रे, सोड बाबा," तो रडकुंडीला येऊन बैलाला विनवत होता. "माह्या दादाचा पटका हाय. सोड." आता आईच्या तोंडूनसुद्धा दादा आपल्याशी बोलणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

"सोड!"

आवाज इतका जवळून आला की नत्थुजीला वाटलं, बैलालाच कोणी दटावलं.

"सोड म्हणतो ना मी! अबे नत्थ्या, तुले सांगून राहिलो! पोयाच्या दिवशी बैलाच्या तोंडातला घास वढतं काय बे? लाज हाय का काई?"

नत्थुजीच्या हातातून पटका गळला. दादा त्याच्याकडे पाहत होता. आईकडे नाही, बैलाकडे नाही, त्याच्याकडे. भिजलेले केस कपाळावर चिकटले होते आणि डोळे लाल झाले होते.

"खाऊ दे त्याले! जवारी कोनं पिकवली? त्यानं. वखर कोनं वढला? त्यानं. आज त्याचा सण हाय, खाऊ दे पोटभर. पटक्याचं काय घेऊन बसला! अन मीठ? मीठ बी टाकलं तुनं? वरून गवताचा वास? अबे, बैलाच्या आंगावर जेवन नेसवतं का कोनी? कुनब्याच्या पोटचा ना तू? दोन वर्स झाले, घरी याचं तं पाहुन्यावानी, दारात उभा, बसत नाई, बोलत नाई. गाढवा, एकडाव विचारलं असतं तं सांगतलं नसतं का मी?"

लोक हसायचे थांबले. नत्थुजी चिखलात उभा होता, तोंडावरून पाणी ओघळत होतं, आणि त्यातलं पावसाचं किती ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. दादा शिव्या घालत होता. त्याचं नाव घेऊन, चारचौघांत, पोटभर. त्याला वाटलं, हे थांबू नये.

"आता पाह्यतं काय? धर हा कासरा!" दादानं लखण्याचा कासरा त्याच्या हातात कोंबला आणि स्वतः कबऱ्याला धरलं. बैलांच्या झुली एव्हाना अर्ध्याअधिक फस्त झाल्या होत्या, आरसे चिखलात पडले होते. दोघा भावांनी जोडी वळवली. पोट भरलेले बैल मुकाट्यानं तोरणाखालून चालत गेले आणि पोळा फुटला. हरहर महादेवचा गजर झाला, पण दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो अजून बोलत होता.

तो घरी जाताना बोलला. बैलांचे पाय धुताना बोलला. शाळा सोडली ते आपल्याला का सांगितलं नाही, हे त्यानं तीनदा विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तीनदा खडसावलं. पार्बताबाई पुरणपोळी वाढत होती. सवयीनं ती म्हणाली, "दादा म्हणते, तूप घे."

"मी म्हणून राहिलो ना त्याले, तू काहून मधात येतं?" दादा तिच्यावरही खेकसला. "घे रे तूप."

नत्थुजीनं तूप घेतलं. ताटावर मान घालून तो जेवत राहिला. बोलता बोलता दादाला ठसका लागला आणि तो पाण्यासाठी थांबला. तेवढ्या वेळात नत्थुजीचा जीव घाबरा झाला. संपलं की काय? आता उद्यापासून पुन्हा तेच का? तो घास हातातच धरून दादाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

दादानं तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"अन आयक," तो म्हणाला.